प्रत्येक कोंबडी पाचव्या महिन्यात अंड्यावर येत नाही

विदर्भातील बचत गटांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. कोंबडी कोणत्याही जातीची असो, ती पाच महिन्यांत अंडी देते; लवकर अंडी हवी असतील तर तिसऱ्या महिन्यापासूनच लेयर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य, सुरू करावे; कोंबडा नसेल तर अंडी मिळत नाहीत; आणि पाच महिने उलटूनही अंडे न देणारी तलंग (पहिले अंडे न दिलेली तरुण कोंबडी) वांझ समजून विकून टाकावी, असे त्यात म्हटले आहे. हा सल्ला मानून परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळणारी बाई चांगला पक्षी ऐन अंड्यावर येण्याच्या बेतात असताना मातीमोल विकते, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

पाच महिन्यांचा हिशेब मुळात फार्मवरच्या व्हाइट लेगहॉर्नचा आणि तिच्यापासून तयार केलेल्या संकरित लेयरचा आहे. हलक्या अंगाच्या या कोंबड्या १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी तयार केलेल्या जातींपैकी ग्रामप्रियाला साधारण साडेपाच महिने लागतात, तर अंगाने जड असलेल्या वनराजाला सहा महिन्यांच्या आसपास. कडकनाथही सहा महिन्यांच्या सुमारास सुरू होते. असीलला साडेसहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि गावरान कोंबडीही सहा-सात महिने सहज घेते.

जातीइतकाच उजेडाचाही संबंध आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. अंड्यावरच्या कोंबडीला रोज १४ ते १६ तास उजेड मिळावा म्हणून फार्मवर दिवे लावतात. आपल्या खुराड्यात असतो तो सूर्याचाच उजेड, आणि डिसेंबरात नागपूरकडचा दिवस अकरा तासांहूनही लहान असतो. त्यामुळे पावसाळ्यात निघालेली पिल्ले पाच महिन्यांची होतात तेव्हा नेमके दिवस लहान असतात, आणि संक्रांतीनंतर दिवस चांगले मोठे होईपर्यंत त्यांतल्या अनेक तलंगा थांबून राहतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की पक्ष्याचे खाणेच कमी होते, तेव्हाही उशीर होतो. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवलेल्या पक्ष्याला प्रथिने कमी पडतात, हेही एक कारण आहेच.

लेयर खाद्याचा सल्ला तर घातक आहे. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते आणि वाढत्या तलंगेला जेमतेम एक टक्का पुरते. जास्तीच्या कॅल्शियमने तिची मूत्रपिंडे बिघडतात. पहिले अंडे दिसू लागले की हे खाद्य सुरू करावे, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. कोंबड्याची गरज केवळ पिल्ले काढण्यासाठी असते. त्याच्यावाचूनही कोंबडी अंडी देतेच.

उरला वांझपणाचा आरोप. विकण्याआधी तलंगेचा तुरा पाहावा : तो फिकट आणि आखूड असेल तर तिला अजून वेळ आहे, लाल आणि मोठा झाला असेल तर अंडे जवळ आले आहे. मग गुदद्वाराच्या दोन बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये बोटे ठेवून पाहावीत. एकच बोट मावत असेल तर थांबावे, दोन-तीन मावत असतील तर कोंबडी अंडी देते आहे किंवा लवकरच देणार आहे. अशी कोंबडी असूनही खुराड्यात अंडे सापडत नसेल, तर गोठ्यातल्या कुटाराच्या (भुशाच्या) ढिगात आधी शोधावे, कारण मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या बहुधा तिथेच अंडी घालतात.