बंदर नसलेल्या गावातून

नागपुरात ‘बंदर’ म्हटलं की माणूस आधी झाडाकडे पाहतो. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. जहाजाच्या नावाने आमच्याकडे काय, तर कंटेनर डेपो. तरी गेले पंधरा दिवस मी बंदरखात्याचा इतिहास वाचत बसलोय. बायको म्हणते, रिटायर झाल्यावर लोक भजनाला जातात.

निमित्त आमच्या गल्लीतल्या नळाचं. सिमेंट रोड झाला आणि पाण्याचा जोर गेला. पहिल्या मजल्यावर पाणी चढेना. ज्यांच्याकडे टुल्लू पंप होते त्यांचं भागलं, आम्ही अंगणात गुंडभर पाण्यासाठी वाकलेलो. एका कार्यालयात गेलो तर म्हणाले, ही लाइन आमची नाही, ले-आउट (प्लॉट पाडून वसवलेली वस्ती) त्यांचा. ‘त्यांच्या’कडे गेलो तर म्हणाले, आम्ही कधीच हस्तांतरण केलं. कागद दाखवा म्हटलं. कागद हस्तांतरणातच गेला होता.

मी स्वतः बत्तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलंय, त्यामुळे हे वाक्य मला लागलं.

रात्री सिडनीच्या भाच्याला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, मामा, इकडे तर पाणी बंदरवाल्यांनी आणलं होतं, वाच. आणि खरंच. न्यू साउथ वेल्सच्या बांधकाम खात्यात ‘हार्बर्स अँड रिव्हर्स’ नावाची शाखा होती. काम धक्के बांधायचं, नद्यांचा गाळ काढायचं. तिचे मुख्य अभियंता एडवर्ड मोरियार्टी. शहराला पाणी कमी पडायला लागलं, तेव्हा पाण्याचं गणित येणारी माणसं याच शाखेत होती. म्हणून अप्पर नेपियन नदीवरून कालवे आणि बोगद्यांनी पाणी आणायची योजना यांच्याच गळ्यात पडली. योजना १८८८ साली पूर्ण झाली आणि त्याच वर्षी नव्या पाणीपुरवठा मंडळाच्या ताब्यात गेली. बांधणारा एक, चालवणारा दुसरा. तिथेही हस्तांतरणच!

पुढे बंदराची वाट वेगळी झाली. १९०० साली शहरात प्लेग आला, धक्क्यांवरची घाण आणि उंदीर चर्चेत आले, आणि सरकारने धक्के ताब्यात घेऊन हार्बर ट्रस्ट काढला. १९३६ मध्ये त्याच्या जागी मेरीटाइम सर्व्हिसेस बोर्ड आलं, तेही १९९५ मध्ये गेलं. पाण्याच्या मंडळाचं १९९५ मध्ये महामंडळ झालं. १९९८ मध्ये नळाच्या पाण्यात जंतू सापडल्याची बोंब उठली, शहराला पाणी उकळून प्या म्हणून सांगावं लागलं. मग धरणक्षेत्र महामंडळाकडून काढून १९९९ मध्ये वेगळ्या प्राधिकरणाकडे दिलं.

म्हणजे गोऱ्या लोकांकडेही पाट्या बदलतातच. मी इथे त्यांची आरती ओवाळत नाहीये. पण त्यांच्या अभिलेखागारात प्रत्येक खात्याची टिपणी असते: जन्म कधी, काम कोणाकडून आलं, पुढे कोणाकडे गेलं. आमच्याकडे लग्नासाठी मुलाची कुंडली मागतात, खात्याची कोणी मागत नाही.

आता आपली कुंडली मांडून पाहा राजेहो. नगरपालिका १८६४ ची, महानगरपालिका १९५१ ची. मधेच १९३६ च्या कायद्याने नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास आलं, ले-आउट त्यांनी आखले. ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत ले-आउटची भानगड नागपूरकराला वेगळी सांगायला नको. नासुप्र बरखास्त करायचं ठरलं, ले-आउट मनपाकडे द्यायचं ठरलं, मग नासुप्र पुन्हा जिवंत झालं. गावागावांतल्या योजना बांधायला १९७६ च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ आलं, त्याचं १९९७ मध्ये जीवन प्राधिकरण झालं. पेंच नदीचं पाणी जलसंपदा खात्याचं. शहर ते विकत घेतं. २०१२ पासून वितरण पंचवीस वर्षांच्या करारावर ऑरेंज सिटी वॉटर या खासगी कंपनीकडे, पण मालकी मनपाचीच. पेंचवरचं तोतलाडोह धरण ते माझी बादली, मधे इतके शिक्के!

पाणी असलं की हे कोणाच्या लक्षात येत नाही. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह आटला, पाणी दिवसाआड झालं, तेव्हा आलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या घरांत घुसला, तेव्हा तर फारच आलं. ज्या तलावाने एकेकाळी या शहराला नळाचं पाणी पाजलं, त्याच्या सांडव्यासमोर काय असावं आणि काय नसावं, हा प्रश्न हायकोर्टात गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे. विभाग मोडा, जोडा, खासगीला द्या, परत घ्या, त्यावर वाद घालू. पण हस्तांतरणाच्या दिवशी खुर्च्या आणि कपाटं मोजतात, तसे व्हॉल्व्ह मोजा. नकाशावर सही करून द्या आणि तो नकाशा झोन ऑफिसच्या भिंतीवर लावा. ‘ऑनलाइन आहे’ म्हणू नका, मी शोधलंय.

आमच्या गल्लीचं काय झालं, तर शेवटी मागच्या वस्तीतले एक काका आले. रिटायर व्हॉल्व्हमन, वय सत्तरीच्या पुढे. लोखंडी चाबी अजून घरी ठेवलेली, टी आकाराची, छातीएवढी उंच. कडुनिंबाला पाठ लावून उभे राहिले, सात पावलं मोजली, थोडं डावीकडे सरकले. सिमेंटवर सब्बल आपटत गेले आणि एका जागी आवाज पोकळ आला. म्हणाले, “इथं आहे. अर्धा बंद असन.”

तिथे आता खडूचा गोल आहे. फोडायची परवानगी कोणी द्यायची, यावर दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार सुरू आहे. काकांची चाबी सध्या माझ्या जिन्याखाली उभी आहे.