बीटातला बाजी

परवा रात्री कुणीतरी माझं नाव घेतलं. उखाण्यातल्यासारखं नव्हे. लग्नात बायकोला माझं नाव घ्यायला वीस मिनिटं लागली होती, या माणसाला एक सेकंदही लागला नसेल. ऑनलाइन व्हिडिओ खेळ रिलीज झाला, मी त्यात हौसेने 'बाजी' टाइप केलं आणि लाल अक्षरं उमटली : हे नाव उपलब्ध नाही. वर त्यांनीच पर्याय सुचवला, बाजी_४४७१. हे नाव आहे का रिक्षाचा नंबर?

बीटा टेस्टचे, म्हणजे रिलीजआधीच्या चाचणीचे, तीन शनिवार-रविवार मीच बाजी होतो. लेव्हल ४३, एक घोडा, एक बऱ्यापैकी ढाल. रिलीजच्या आदल्या दिवशी सगळं पुसलं. पुसणार हे लिहिलेलं होतं म्हणे, करारात कुठेतरी चौदाव्या पानावर.

मला खरं तर एका रविवार सकाळचं सांगायचंय. खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीची मेंटेनन्सची वही घेऊन सही मागायला आले. काका पिंपरीच्या कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटीला होते. काका निवृत्त झाले, त्यांची नजर झाली नाही. चहा दिला की आधी कपाची कड तपासतात. तेव्हा स्क्रीनवर माझा घोडा एका दगडी पुलात पोटापर्यंत रुतला होता.

"हे काय रे?"

"बीटा आहे काका. खेळ बाजारात यायच्या आधी आपण खेळायचा आणि चुका कळवायच्या."

"म्हणजे इन्स्पेक्शन." काका बसले. "दिवसाचे किती देतात?"

"काही नाही."

"जेवण?"

"नाही."

"चहा तरी?"

"उलट आधी पैसे भरले त्यांनाच बीटा मिळतो. मी ३,९९९ भरलेत."

काका बराच वेळ घोड्याकडे बघत राहिले. "माल तयार नाही, पैसे घेऊन मोकळे, आणि तपासणी गिऱ्हाइकाने करायची. आमच्याकडे असल्या व्हेंडरचा ट्रक गेटवरून परत गेला असता."

मी कंपनीची बाजू घेतली, याची मला आता लाज वाटते. म्हटलं, काका, ऑफिसातल्या शंभर जणांनी खेळून सगळं कळत नाही. लाखभर लोक एकदम चढल्यावरच सर्व्हर कुठे मोडतो ते दिसतं. कुठलं शस्त्र फार भारी झालंय, कुणाची जोडी कुणाशी लागते, हे गर्दीशिवाय समजत नाही.

"म्हणजे पूल बांधलाय, आता सगळ्यांनी त्यावर उभे राहा."

सही राहिली बाजूला. काकांनी खिशातलं पेन काढून मेंटेनन्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर रकाने आखले : दोष, ठिकाण, किती वेळा, शेरा. "परत घाल त्याला पुलावर." घातला. "परत." अकरा वेळा घातला, नऊ वेळा रुतला. डाव्या कडेने आणला तर रुतत नाही, हा शोध काकांचा. दीड तासाने काकूंचा फोन आला, सही मिळाली का म्हणून. काका म्हणाले, "घोडा अडकलाय," आणि फोन ठेवला.

तो तक्ता इंग्रजीत करून मी पाठवला. चार सेकंदांत उत्तर : तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. काकांनी ते दोनदा वाचलं. "आमचा मॅनेजरसुद्धा न वाचता सही करायला याहून जास्त वेळ घ्यायचा."

नाटकाच्या रंगीत तालमीला चार ओळखीची माणसं बोलावतात. सेट हलतो, नट वाक्यं विसरतो, कुणाची तक्रार नसते, कारण तिकीट नसतं आणि मध्ये बटाटेवडा असतो. पंगतीआधी आमटी चाखणाऱ्यालाही आचारी एखादी जिलबी देतो. इथे आमटी चाखायची, खारट आहे सांगायचं आणि मग पंगतीत उभं राहायचं, तेही नाव बदलून!

देणारे देतात. 'माइनक्राफ्ट' २०१०मध्ये बीटाच्याही आधीच्या अल्फा अवस्थेतच विकला जात होता, पण पूर्ण खेळाच्या निम्म्या किमतीत, आणि त्या लोकांना पुढची अपडेट्स फुकट. 'डायब्लो ४'च्या मार्च २०२३च्या बीटात लेव्हल २० गाठली की पाठीवर बांधलेलं लांडग्याचं पिल्लू मिळायचं. पात्रं पुसली गेली, पिल्लू राहिलं. लढाईत त्याचा उपयोग शून्य. पण बाजारातून चाललात की लोकांना कळतं, हा बाबा कच्च्या पुलावरून गेलेला आहे.

मला पिल्लूही नको. माझं नाव राखून ठेवा. सगळं पुसणार असाल तर ते पैसे घेताना सांगा, मोठ्या अक्षरांत. आणि सर्व्हर मुंबईत ठेवा हो! माझा वार फ्रँकफर्टला जाऊन परत येईपर्यंत मी मेलेला असायचो. बीटा उघडायचा कॅलिफोर्नियात शनिवारी सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. त्या तीन सोमवारी ऑफिसात मी कसा होतो, हे कुठल्याच फॉर्ममध्ये विचारलेलं नाही. गूगलने जीमेलवर २००४ ते २००९ बीटाची पाटी ठेवली होती, पण ते फुकट होतं. पैसे घेऊन पाटी लावायची म्हणजे 'काम चालू, रस्ता बंद' लिहून टोल घ्यायचा.

काल जिन्यात काका भेटले. रोजचाच प्रश्न. "घोड्याचं काय झालं?"

"रिलीज झाला खेळ. अजून रुततो."

काका दोन पायऱ्या उतरले, थांबले. "त्या नवीन बाजीला कळव. डावीकडून ने म्हणावं."