व्हिशी सरकार फ्रान्सची ‘ढाल’ होतं हा दावा का टिकत नाही

दुसऱ्या महायुद्धावरचा एक मेसेज सध्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय, मला तो तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला म्हणून शेवटी बसून लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीकडून हरल्यावर सत्तेवर आलेला मार्शल पेताँ देश सोडून पळाला नाही, लोकांसाठी त्याने अपमान गिळला, जर्मनांशी लढत राहिलेला सेनानी द गॉल लंडनमधून तलवार चालवत होता आणि पेताँ इकडे ढाल धरून उभा होता. व्हिशीचं (म्हणजे पेताँचं) सरकार जर्मनांच्या हातातलं बाहुलं, ज्यूंविरुद्धचे कायदे बर्लिनने लादलेले, तरीसुद्धा परदेशी ज्यू देऊन पेताँने फ्रेंच ज्यू वाचवले, म्हणून तर तीन चतुर्थांश ज्यू जिवंत राहिले, आणि फ्रान्सची पोलंडसारखी धूळधाण झाली नाही ते त्याच्याचमुळे. हा दावा नवा नाहीये, फ्रान्समध्ये २०२२ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला एरिक झेमूर ‘पेताँने फ्रेंच ज्यूंना वाचवलं’ हे कितीतरी वर्षं बोलत आलाय. एकेक मुद्दा घेऊया.

आधी ते ‘बाहुलं’ प्रकरण. २२ जून १९४० ला शस्त्रसंधी झाली, त्यानुसार पॅरिस, उत्तर भाग आणि अटलांटिकचा किनारा जर्मनांकडे गेला, पण दक्षिणेचा मोठा भाग मोकळा राहिला आणि तिथे व्हिशी या गावात पेताँचं सरकार बसलं. १० जुलैला तिथल्या कॅसिनोच्या नाट्यगृहात खासदार जमले आणि ५६९ विरुद्ध ८० मतांनी सगळे अधिकार पेताँच्या हातात दिले. या सरकारकडे स्वतःचे पोलीस होते, कोर्टं होती, छोटं सैन्य होतं, आरमार होतं, आफ्रिकेपासून इंडोचायनापर्यंत वसाहती होत्या, अमेरिकेचा राजदूत तिथे रीतसर राहत होता. जर्मन सैन्य दक्षिणेत घुसलं ते ११ नोव्हेंबर १९४२ ला. त्यानंतरच्या व्हिशीला बाहुलं म्हणा, माझी हरकत नाही, पण ज्या गोष्टींसाठी आपण पेताँला जबाबदार धरतो त्यातल्या बहुतेक त्याआधीच्या सव्वादोन वर्षांत झाल्यात.

‘कायदे बर्लिनने लादले’ या मुद्द्यावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण सगळा मेसेज याच्यावर उभा आहे. नुसत्या तारखा बघा. २२ जुलै १९४०, म्हणजे सत्ता हातात येऊन दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते, तेव्हा कायदा आला की १९२७ नंतर ज्यांना नागरिकत्व मिळालं त्या सगळ्यांची फेरतपासणी होणार, त्यात पुढे साधारण १५,००० लोकांचं नागरिकत्व गेलं आणि त्यात हजारो ज्यू होते. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांनी धर्म-वंशावरून द्वेष पसरवू नये म्हणून असलेला जुना कायदा रद्द केला. ३ ऑक्टोबरला ज्यूंविषयीचा पहिला मोठा कायदा, ज्याने त्यांना सरकारी नोकरी, सैन्यातलं अधिकारपद, शिक्षकी, वर्तमानपत्रं, सिनेमा यातून बाहेर काढलं. ४ ऑक्टोबरला परदेशी ज्यूंना थेट छावणीत टाकायचा अधिकार प्रीफेक्टना, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारख्या अधिकाऱ्यांना. ७ ऑक्टोबरला अल्जीरिया या फ्रेंच वसाहतीतल्या एक लाखावर ज्यूंचं नागरिकत्व एका फटक्यात काढून घेतलं, जे त्यांच्याकडे १८७० पासून होतं!

आता कोणी म्हणेल की जर्मनांचा ज्यूंबद्दलचा पहिला हुकूम २७ सप्टेंबरचा आहे, म्हणजे तो आधीचा. बरोबर आहे, पण तो फक्त जर्मनव्याप्त भागापुरता होता आणि त्यात ज्यू कोण हे मुख्यतः धर्मावरून ठरवलं होतं. व्हिशीने स्वतःच्या कायद्यात ‘ज्यू वंश’ हा शब्द घातला, आजी-आजोबांपैकी किती ज्यू ते मोजले आणि हा कायदा जिथे एकही जर्मन शिपाई नव्हता त्या दक्षिण फ्रान्समध्ये आणि अल्जीरियातसुद्धा लावला. जाक देरिदा हे नाव साहित्य-तत्त्वज्ञान वाचणाऱ्यांना माहीत असेल, १९४२ मध्ये बारा वर्षांचा असताना त्याला अल्जीयर्सजवळच्या त्याच्या शाळेतून घरी पाठवलं कारण ज्यू मुलांचा कोटा ठरवून दिला होता. अल्जीयर्सवर जर्मनांचं राज्य कधीच नव्हतं.

आणि खुद्द पेताँ? २०१० मध्ये ३ ऑक्टोबरच्या कायद्याचा एक मसुदा उजेडात आला, त्याच्यावर पेताँच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. मूळ मसुद्यात १८६० च्या आधीपासून फ्रेंच असलेल्या ज्यू कुटुंबांना सूट होती, ती ओळच त्याने खोडली, आणि बंदी घातलेल्या पदांची यादी वाढवली. म्हणजे पिढ्यान् पिढ्या फ्रेंच असलेले जे ज्यू त्याने वाचवले असं मेसेज सांगतो, त्यांचीच सूट त्याने स्वतःच्या हाताने काढलीये. याच्यानंतर ‘म्हातारा माणूस, आजूबाजूच्यांनी सह्या घेतल्या’ हे मला तरी पटत नाही.

पुढचा मुद्दा, परदेशी दिले आणि फ्रेंच वाचवले. हे लिहिताना माणसाला आपण काय लिहितोय हे कळत असेल का, असं वाटतं. समजा हे खरं जरी असतं तरी ज्यांना दिलं ते कोण होते? पोलंड, जर्मनी, ऑस्ट्रियातून हिटलरच्या भीतीने पळून फ्रान्सच्या आसऱ्याला आलेली माणसं, त्यातले कित्येक १९३९ मध्ये फ्रान्सच्या बाजूने लढायला स्वतःहून भरती झालेले. आसऱ्याला आलेल्याला धरून देणं याला ढाल म्हणायचं का?

पण ते खरंही नाहीये. २ जुलै १९४२ ला व्हिशीचा पोलीसप्रमुख रने बूस्के आणि हिटलरच्या ‘एसएस’ या सशस्त्र संघटनेचा कार्ल ओबर्ग यांची बैठक झाली आणि अटका फ्रेंच पोलीस करतील असं ठरलं. १६ आणि १७ जुलैला पॅरिसमध्ये १३,१५२ ज्यू पकडले, त्यात ४,११५ मुलं होती. दारं ठोठावणारे हात फ्रेंच पोलिसांचे, पत्ते फ्रेंच पोलिसांच्या कार्डांवरचे, आणि बसही पॅरिसच्याच. बायकामुलं असलेली कुटुंबं ‘व्हेल दीव’ नावाच्या सायकल शर्यतींच्या स्टेडियममध्ये कोंडली, उन्हाळ्याचे दिवस, पुरेसं पाणी नाही, संडास नाहीत. जर्मनांनी तेव्हा लहान मुलं मागितलीच नव्हती. सोळा वर्षांखालच्यांनाही आईबापांबरोबर न्या, हा प्रस्ताव पंतप्रधान पिएर लाव्हालचा होता, जुलैच्या सुरुवातीलाच पॅरिसमधल्या जर्मन अधिकाऱ्याने तो बर्लिनला तारेने कळवला, आणि ज्यूंच्या हद्दपारीचं काम बघणाऱ्या आइखमानचा होकार आला २० जुलैला, म्हणजे मुलं पकडून झाल्यावर! मग पितिव्हिए आणि बोन-ला-रोलांदच्या छावण्यांमध्ये आयांना मुलांपासून ओढून काढून आधी पाठवलं, लहान मुलं काही आठवडे तिथेच एकटी, आणि ऑगस्टमध्ये पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीमार्गे औशविट्झच्या मृत्युछावणीत. यातली बरीचशी मुलं फ्रान्समध्ये जन्मलेली, कागदोपत्री फ्रेंच नागरिक होती. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं, आजही शांतपणे लिहिता येत नाहीये.

त्याच ऑगस्टमध्ये मोकळ्या भागातून, पुन्हा सांगतो, जिथे जर्मन सैन्य नव्हतं तिथून, व्हिशीने जवळपास १०,००० ज्यू स्वतः गोळा करून सीमारेषेपलीकडे जर्मनांच्या ताब्यात दिले. फ्रान्समधून सगळे मिळून सुमारे ७६,००० ज्यू पाठवले गेले, परत आले फक्त अडीच हजारांच्या आसपास. या ७६,००० पैकी साधारण एक तृतीयांश फ्रेंच नागरिक होते.

मग तीन चतुर्थांश वाचले कसे, हा प्रश्न रास्त आहे आणि आकडाही बरोबर आहे. मेसेजवाले नेदरलँड्सचं उदाहरण देतात, तिथे तीन चतुर्थांश मारले गेले हे खरंच आहे. पण फ्रान्स केवढा मोठा देश, डोंगर आहेत, लांबवर पसरलेली खेडी आहेत, स्वित्झर्लंड आणि स्पेनच्या सीमा आहेत, आणि आग्नेय भाग सप्टेंबर १९४३ पर्यंत इटलीकडे होता जिथे इटालियन अधिकारी ज्यूंना जर्मनांच्या हवाली करायला सरळ नकार देत होते. त्याहून मोठी गोष्ट माणसांची. २३ ऑगस्ट १९४२ ला तुलूझचा आर्चबिशप सालिएज याचं पत्र चर्चमध्ये वाचलं गेलं, ज्यू हीसुद्धा माणसं आहेत, आपले भाऊ आहेत अशा अर्थाचं, आणि प्रीफेक्टने ते वाचायला बंदी घातली होती. ल शाम्बों-सुर-लिन्योंच्या पठारावर पास्टर त्रोक्मे आणि आसपासच्या गावांनी शेकडो, कदाचित हजारो लोक लपवले. खोटी कागदपत्रं करणारे कारकून, मुलं लपवणाऱ्या शाळा आणि मठ, ज्यूंच्या स्वतःच्या गुप्त संघटना, हे सगळे व्हिशीचा कायदा मोडत होते. ज्यांनी सरकारचा कायदा मोडून माणसं वाचवली त्यांचं श्रेय त्याच सरकारच्या खात्यावर कसं टाकायचं?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करतो. ऑगस्ट १९४३ मध्ये जर्मनांना हवं होतं की १९२७ नंतर नागरिक झालेल्या ज्यूंचं नागरिकत्व सरसकट रद्द करा, आणि तेव्हा लाव्हाल आणि पेताँने नकार दिला, त्यामुळे काही हजार लोक तरी वाचले असतील. पण याचा अर्थ काय होतो बघा ना. नकार दिला आणि आकाश कोसळलं नाही, पेताँला खुर्चीवरून कोणी उचललं नाही. जर्मनांकडे फ्रान्समध्ये स्वतःचे पोलीस होते जेमतेम दोन-तीन हजार, फ्रेंच पोलिसांशिवाय एवढ्या मोठ्या अटका त्यांना जमणाऱ्या नव्हत्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बिशप बोलायला लागल्यावर लाव्हालनेच जर्मनांना जरा दमाने घ्या म्हणून सांगितलं, आणि पुढच्या सबंध वर्षात मिळून जेवढे लोक पाठवले गेले ते १९४२ च्या निम्म्याहूनही कमी होते. ४२,००० च्या आसपास माणसं त्या एका १९४२ सालात गेलीयेत. डेन्मार्कचं सरकारही जर्मन ताब्याखाली काम करत होतं, त्याने ज्यूंविरुद्ध एकही कायदा केला नाही.

तलवार-ढालीची छुपी जोडी हे तर मला कळतच नाही. २ ऑगस्ट १९४० ला व्हिशीच्या लष्करी कोर्टाने द गॉलला गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. सप्टेंबरमध्ये तो पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच ताब्यातल्या डाकारला आला तर व्हिशीच्या तोफांनी हाकलून लावला. आपल्याकडच्या पाँडिचेरीने (तेव्हा ती फ्रेंच वसाहत होती) त्याच महिन्यात, गव्हर्नर बोनव्हँ असताना, द गॉलची बाजू घेतली, म्हणजे व्हिशीला नाही म्हणणं शक्य होतं. १९४१ च्या मे महिन्यात व्हिशी सरकार चालवणाऱ्या अ‍ॅडमिरल दार्लाँने जर्मन विमानांना फ्रेंच ताब्यातल्या सीरियाचे विमानतळ वापरू दिले, आणि जूनमध्ये दमास्कसजवळ मेझे इथे व्हिशीच्या सैन्याशी लढताना पाचव्या भारतीय ब्रिगेडचे जवान वेढ्यात सापडले. ही ढाल आपल्याही लोकांवर चालून आली होती.

पोलंड झालं नाही हा मुद्दा पटकन संपवतो. पोलंडबद्दल हिटलरचा बेतच वेगळा होता, तो पेताँ असता काय नसता काय बदलला नसता. आणि फ्रान्सने भरलं काय? सुरुवातीला दिवसाला ४० कोटी फ्रँक ताब्याचा खर्च म्हणून, धान्य, कोळसा, आणि सप्टेंबर १९४२ आणि फेब्रुवारी १९४३ च्या सक्तीच्या कायद्यांनी तरुण कामगार, सहा लाखांवर माणसं जर्मन कारखान्यांत गेली. आरमार हिटलरला मिळालं नाही हे खरं, २७ नोव्हेंबर १९४२ ला तुलोंमध्ये ते बुडवलं गेलं, ती एक बाजू त्यांची धरा.

‘ढाल’ हा शब्दही पेताँचाच आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन त्याला घेऊन निघाले तेव्हाच्या निरोपाच्या संदेशात त्याने तो वापरला आणि पुढच्या वर्षी खटल्यात वकिलांनी तोच धरून ठेवला. त्या निरोपाच्या तीनच आठवडे आधी, ३१ जुलैला, द्रांसीहून औशविट्झला १,३०० माणसांची गाडी गेली होती, त्यात तीनशेच्या वर मुलं होती, पॅरिसच्या आसपासच्या बालगृहांतून उचललेली. ६ ऑगस्टला पेताँने लाव्हालला पत्र लिहून ‘मिलीस’ या सरकारी सशस्त्र संघटनेच्या अत्याचारांबद्दल नाराजी कळवली. मिलीसचा प्रमुख जोझेफ दार्नाँ, जो पेताँचाच माणूस होता, त्याने उत्तर दिलं त्याचा आशय असा: चार वर्षं तुम्ही माझं कौतुक केलंत, मला उत्तेजन दिलंत, आणि आता अमेरिकन पॅरिसच्या दाराशी आल्यावर सांगताय की मी फ्रान्सच्या इतिहासावरचा डाग ठरणार, हे जरा आधी सांगता आलं असतं.