खापर कोणावर फोडायचं?

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला आणि माझी झोप उडाली. महामार्ग आमच्या घरावरून जात नाही, तेव्हा ट्रकच्या आवाजाला बोल लावता येत नाही. झोप उडाली ती पर्याय मिळाल्यामुळे. तोवर नाशकात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला पहाटे डोकं वापरावं लागत नसे. पंचवटी एक्सप्रेस, विषय संपला. १९७५ पासून ती सकाळी माणसं घेऊन जाते आणि रात्री आणून सोडते. नवरा मुलगा बघताना लोक पगाराच्या आधी 'रेल्वेचा पास आहे का' विचारायचे, असं आमच्याबरोबर रोज प्रवास करणाऱ्या अण्णांचं म्हणणं आहे. अण्णांच्या म्हणण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण उरलेलं निम्मंही पुष्कळ झालं.

आता रोज रात्री साडेनऊच्या सुमारास स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, उद्या पंचवटी की गाडी? एकदा काय ते सांगा, म्हणजे मला कणीक किती मळायची ते कळेल."

डब्याचा आणि प्रवासाचा संबंध काय, हे फक्त पासधारकाच्या बायकोलाच कळतं. पंचवटीचा डबा एका माणसाचा नसतोच मुळी. देवळाली गेली की मांडीवरच्या बॅगांवर पेपर पसरले जातात आणि झाकणं उघडतात. अण्णांची भाकरी आणि ठेचा, बँकवाल्या काकांची साबुदाण्याची खिचडी (उपवास असो वा नसो), पलीकडच्या सीटवरून येणाऱ्या कोथिंबीर वड्या. निफाडहून चढणारा एक जण सिझनला द्राक्षं आणतो आणि वर 'यंदा गोडी नाही' असं म्हणून आपल्यालाच त्याची समजूत काढायला लावतो. या उलाढालीत स्वतःच्या डब्यातला चतकोर तुकडा आपल्या वाट्याला येतो आणि पोट मात्र फुटेस्तोवर भरतं. म्हणून कणीक जास्त. गाडीचा डबा म्हणजे फॉइलमध्ये गुंडाळलेली पोळीची सुरळी. ती माणकोलीच्या वाहतूक कोंडीत खायची, कारण तिथे दोन्ही हात मोकळे असतात. लोणच्याचं तेल शर्टाच्या तिसऱ्या बटणापाशी सांडतं. शर्ट बदलला, लोणचं बदललं, बटण तेच.

पंचवटीची बाजू घेताना तिच्यापायी होणारे हाल झाकून ठेवायचे नाहीत. मी राहतो गंगापूर रोडला. नाशिकरोड स्टेशन नाशिकमध्ये आहे असं फक्त नावावरून वाटतं. गाडी सातच्या सुमारास, म्हणून मी सहाच्या आधी घर सोडतो, मुंबई नाका ओलांडतो, आणि मुंबईला जायचं असूनही मुंबईच्या रस्त्याकडे पाठ करून दहाबारा किलोमीटर उलटा जातो. द्वारका चौकात त्या वेळीही भाजीचे टेम्पो एकमेकांत गुंतलेले असतात. थंडीत हेल्मेटच्या काचेवर आपल्याच श्वासाचं धुकं जमतं. स्कूटर लावायची, कुलूप लागलं की नाही म्हणून परत जाऊन बघायचं, जिना चढायचा, जिना उतरायचा, आणि तोवर इंडिकेटरवर आपल्या डब्याचा नंबर भलतीकडे दिसायला लागतो.

मग जागेचं राजकारण. पासधारकांच्या डब्यात कोणती जागा कोणाची, हे कुठेही लिहिलेलं नाही आणि म्हणूनच ते कोणाला बदलता येत नाही. नवखा माणूस रिकामी जागा बघून बसला, तर कोणी भांडत नाही. शेजारचा अतिशय मऊ आवाजात एवढंच म्हणतो, "बसा की. ते इगतपुरीला चढतात." पुढचा पाऊण तास तो माणूस अर्ध्या कुल्ल्यावर बसतो. याच गाडीचा सी-३ हा पासधारकांचा डबा 'आदर्श कोच' म्हणून गाजला, त्याची लिम्का बुकात नोंद झाली. तिथे मोठ्याने फोन नाही, पत्ते नाहीत, गोंगाट नाही. मी एकदा तिथे ओळखीने बसलो होतो. घोटीपाशी शिंक आली, ती कल्याणपर्यंत धरून ठेवली. आमचा डबा आदर्श नाही. आमच्याकडे शिंकल्यावर तीन औषधं आणि एका डॉक्टरचा पत्ता मिळतो.

इगतपुरीनंतर थळ घाट. १८६५ मध्ये रेल्वे हा घाट चढली, चढ ३७ ला १. संध्याकाळी परतताना कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं जोडतात आणि ती आम्हाला ढकलत वर आणतात. सकाळी उतार असतो, सगळी भिस्त ब्रेकवर. आणि या घाटातच माझ्या नोकरीचं खरं संरक्षण दडलेलं होतं. पावसात दरड येते. चढावर मालगाडी अडकते. खाली उतरलं की कसाऱ्यापासून लोकलचं राज्य सुरू होतं, आणि भर गर्दीच्या वेळी लोकल पुढे काढायची की आम्हाला, हा निर्णय काही आमच्या मतांवर होत नाही. जुलैत कुर्ल्याला पाणी भरतं ते वेगळंच.

यातलं एकही कारण माझ्यावर येत नाही! पाऊण तास उशीर झाला, तरी मी फोर्टमधल्या ऑफिसात ताठ मानेने शिरायचो. साहेब मुलुंडचे, गाडी उशिरा येणं म्हणजे काय ते त्यांना जन्मापासून ठाऊक. घड्याळाकडे न बघता म्हणायचे, "पंचवटी लेट वाटतं? बसा, पाणी घ्या आधी." सहानुभूतीचं एक ग्लास पाणी रोज मिळत असेल तर माणसाला पगारवाढ लागत नाही. निदान मला लागत नव्हती, आणि ते साहेबांच्या लक्षात आलं होतं.

सकाळच्या सबबीपेक्षा संध्याकाळची सबब जास्त मोलाची. परतीची पंचवटी सव्वासहाला. साडेपाचला मी बॅगेची चेन ओढली की अख्खा विभाग समजून जायचा. मीटिंग रंगात आली असो, कोणी बाहेरगावचे पाहुणे बसलेले असोत, साहेब स्वतःच म्हणायचे, "यांना सोडा, यांची गाडी आहे." अंधेरीचे, बोरिवलीचे लोक माझ्याकडे बघत राहायचे. त्यांना दर चार मिनिटांनी लोकल, म्हणून त्यांना रात्री नऊपर्यंत बसवून ठेवता येतं. ज्याला दिवसाला एकच गाडी, त्याचीच बडदास्त.

तर अशा या सुखात समृद्धी आला. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता आमच्या जिल्ह्यातून आमण्याला पोचला आणि नाशकातला प्रत्येक मेहुणा 'आता काय, अडीच तासात मुंबई' असं म्हणू लागला. मेहुण्यांपैकी एकही सकाळी मुंबईला गेलेला नव्हता. मी गेलो.

गाडीची पहाट फार मोहक असते, ते मान्य. दारातून निघायचं, आपली सीट, आपली गाणी, पाय पाहिजे तसे. महिन्याच्या पासापुढे गाडीचा खर्च फार, पण पहाटे हा हिशेब डोक्यात येत नाही. विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी. इगतपुरीच्या पिंपरी सदोपाशी समृद्धीवर चढलो की उर भरून येतो. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा. जुन्या कसारा घाटात ट्रकच्या मागच्या फळीवरची शायरी वाचत जिथे अर्धा तास जायचा, तिथे आता आठेक मिनिटांत पार. बाहेर पडलं की शहापूरकडचे डोंगर, रुंद मोकळा रस्ता, तीनचाकी-दुचाकीला मज्जाव. अशा रस्त्यावर माणूस पुढच्या आयुष्याचे बेत करतो. मी एकदा तिथे बासरी शिकायचं ठरवलं होतं.

आणि मग आमणे येतं.

आमण्याला समृद्धी संपतो, मुंबई सुरू होत नाही. मधे भिवंडी आहे. महामार्गाला जोडणारा वडपे ते ठाणे हा पट्टा रुंद करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललेलं, आणि अख्ख्या देशाचं ऑनलाइन सामान साठवणारी गोदामं याच रस्त्याच्या दोन्ही अंगाला. त्यामुळे तुमच्या पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि डाव्या अंगाने रिक्षा. मोबाइलमधला नकाशा इथवर निळा असतो, तो माणकोलीपाशी लाल होतो आणि खारेगावपाशी त्यापुढचा कुठलातरी, मिरचीच्या ठेच्याचा रंग घेतो. नकाशातली बाई दर पाच मिनिटांनी सांगते की तुम्ही अजूनही सर्वांत जलद मार्गावर आहात. मी इंजिन बंद करून पोळीची सुरळी सोडतो. शेजारच्या कंटेनरचा ड्रायव्हर वरून माझ्या डब्यात बघतो. एकदा त्याने विचारलं, "लोणचं घरचं का?" साकेत पूल ओलांडेपर्यंत बोगद्यात वाचवलेली मिनिटं व्याजासकट फेडून झालेली असतात. पुढे पूर्व द्रुतगती महामार्ग, फ्रीवे, आणि फोर्टात गाडी लावायला जागा. त्या शेवटच्या शोधात मी ऑफिसच्या इमारतीला इतक्या प्रदक्षिणा घातल्या आहेत की तिथला वॉचमन मला भाविक समजतो.

तरी वेळेचा हिशेब काढला तर पंचवटी आणि गाडी उन्नीस-बीसच. त्याचं दुःख नाही. दुःख साहेबांनी दिलं. मी घामाघूम होऊन आत शिरलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच घड्याळाकडे बघितलं. "गाडीने आलात ना? मग उशीर कसा?" मी भिवंडी सांगितली, कंटेनर सांगितले, साकेत सांगितला. साहेब म्हणाले, "ट्रॅफिक काय, सगळ्यांनाच असतो हो. थोडं लवकर निघायचं." पाण्याचं नावही नाही. गाडी माझी, स्टिअरिंग माझ्या हातात, निघायची वेळ मी ठरवलेली, तेव्हा उशीरही माझाच. दरड कोसळायला माझ्यापाशी घाट उरला नव्हता, तिथे आता बोगदा होता.

संध्याकाळी सवयीने साडेपाचला बॅगेची चेन ओढली. "अहो, थांबा जरा," साहेब म्हणाले, "तुमची काय, गाडी खालीच आहे." त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा आमच्या गल्लीतली कुत्री झोपली होती.

शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी पंचवटीने जाईल. मीही गेलो. घाटात मालगाडी अडकली, तासभर उशीर झाला, आणि मी जुन्या रुबाबात आत शिरलो. साहेबांनी मान वर केली. "पंचवटी लेट? मग गाडीने यायचं ना! समृद्धी झालाय आता."

म्हणजे रस्त्याने गाडीची सबब दिली नाही ती नाहीच, आगगाडीची होती तीही खाल्ली. ही गोष्ट मी अण्णांना सांगितली तेव्हा आमच्या डब्यात सुतकी शांतता पसरली. बँकवाल्या काकांकडेही हाच प्रकार झाला होता. निफाडकराच्या साहेबाने तर त्याला महामार्गाची बातमी पाठवली होती, हसऱ्या चेहऱ्यासकट. अण्णांनी सुचवलं की साहेब लोकांना एकदा भरल्या रस्त्यावरून नाशिकला आणून दाखवावं, म्हणजे कळेल.

आणि योगायोग बघा, साहेबांना सहकुटुंब त्र्यंबकेश्वरला यायचंच होतं. घरचे सकाळच्या गाडीने पुढे आलेले, साहेब शुक्रवारी संध्याकाळी माझ्याबरोबर. शुक्रवार संध्याकाळ! मुंबई रिकामी करायला निघालेली सगळी गर्दी याच रस्त्यावर. मी मनातल्या मनात नारळ फोडला. पाच वाजता निघालो. साहेब पुढच्या सीटवर, पट्टा लावून. फ्रीवेवर त्यांनी दोन जांभया दिल्या. ठाण्याच्या अलीकडे सीट मागे केली. माजिवड्याला घोरायला लागले.

साकेतला मी गचका दिला. हॉर्न वाजवला, दोनदा, विनाकारण. खारेगावला काच खाली केली, डिझेलचा धूर आत घेतला. माणकोलीला तर आम्ही एवढा वेळ एका जागी उभे होतो की शेंगदाणेवाला तीन वेळा येऊन गेला, आणि तिसऱ्यांदा त्याने हळू आवाजात विचारलं, "साहेब झोपलेत का?" तेवढ्यात ग्रुपवर अण्णांचा निरोप आला, 'कल्याण सोडलं. तुमच्या जागेवर नवीन मुलगा बसवलाय, वागायला बरा आहे.'

वडपे गेलं, आमणे आलं, गाडी समृद्धीवर चढली आणि सुळकन पुढे निघाली. त्या एकसारख्या वेगाने की काय, साहेब जागे झाले. डोळे चोळत त्यांनी समोर बघितलं. सहा पदरी रस्ता, एक वाहन पुढे नाही, एक मागे नाही. बराच वेळ ते कौतुकाने बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"काय हो, इथे तर चिटपाखरू नाही. मग तुम्हाला रोज उशीर होतो तरी कशाने?"