ताटावरची व्हायवा

मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि आमच्या फोंड्याच्या घरात सुखाने जेवणं संपलं. शनिवारी ती हॉस्टेलवरून येते, ताटावर बसते, वही माझ्याकडे सरकवते आणि म्हणते, "बाबा, विचार." माझी हयात बँकेत गेली. पण वहीत उत्तरं लिहिलेली असतात, त्यामुळे या व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, परीक्षक मी.

सध्या पेशींचं मरण चालू आहे. हार्ट अटॅकमध्ये रक्त न पोचल्याने स्नायूचा तुकडा मरतो, पण प्रथिनं गोठल्यामुळे पेशींचा आकार काही दिवस तसाच राहतो, केंद्रक तेवढं नाहीसं होतं. हा कोअ‍ॅग्युलेटिव्ह नेक्रोसिस. मूत्रपिंडात, प्लीहेतही तोच.

"आणि मेंदूत?"

"लिक्विफॅक्टिव्ह. तिथे सगळं विरघळून पातळ होतं."

"तरीच," माझ्या भातावर हुमण वाढत ही म्हणाली.

इथवर ठीक होतं. पण पॅथॉलॉजीतली जुनी मंडळी शवविच्छेदनाला उपाशीपोटी जात असावीत. क्षयाच्या गाठीतला मेलेला भाग त्यांना चीजसारखा दिसला, म्हणून तो केसियस. अमीबामुळे यकृतात झालेल्या गळवातला पू माशाच्या सॉससारखा. हृदयाच्या उजव्या बाजूने हात टेकले की रक्त तुंबून यकृत आतून जायफळासारखं दिसतं. चीज आमच्याकडे बंद झालं, त्याचं दुःख नाही. पण पुरणात जायफळ किसता किसता हिचा हात थांबला, तेव्हा मी वही मिटली.

मुलीने ती पुन्हा उघडली. फॅट नेक्रोसिस राहिला होता. स्वादुपिंडाला सूज आली की त्यातलं लायपेज हे पाचक द्रव्य बाहेर पडून आसपासची चरबी फोडतं, तिला कॅल्शियम मिळतं आणि पोटात चक्क साबण तयार होतो, खडूसारखा पांढरा. हा खाण्यातला नसल्याने मला आवडला. फिब्रिनॉइड खाण्यातलाही नाही आणि धुण्यातलाही नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत, तोही सूक्ष्मदर्शकाखाली, गुलाबी दिसतो. तो तिच्याही लक्षात राहत नाही, माझ्याही.

एकदा बाजारातून आणलेल्या बांगड्यांना वास येत होता. मी ऐटीत म्हटलं, "नेक्रोसिस!"

"बाबा, नेक्रोसिस जिवंत शरीरात होतो. आजूबाजूला सूज येते, पांढऱ्या पेशी धावून येतात. हा बांगडा मेलाय. याला ऑटोलिसिस म्हणतात."

"याला मासेवालीने फसवलं म्हणतात," ही म्हणाली.

मला मनापासून आवडला तो अपॉप्टोसिस. चवथीला आलेले काही पाहुणे आपलं ताट स्वतः विसळून, कुणाला न उठवता पहाटेच्या बसने जातात, तशी ही पेशी जाते. स्वतःची शक्ती खर्चून स्वतःचे तुकडे करते, ते नीट आवरणात बांधते, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज नाही, बोभाटा नाही. गर्भात बोटांमधला पडदा असाच जातो, म्हणून तर बोटं सुटी होतात आणि आपल्याला भात कालवता येतो. १९७२ साली तिघा शास्त्रज्ञांनी या मरणाला नाव दिलं आणि खाण्याचा एकही पदार्थ त्यात ओढला नाही. भली माणसं!

पॅथॉलॉजी एकदाची आटोपली. रविवारी अकरा वाजता हिने ऊन ऊन पेज वाढली, बाजूला तोरांचं लोणचं. मुलीने नवी वही काढली. मायक्रोबायोलॉजी. पहिलाच धडा कॉलऱ्याचा.

"बाबा, विचार. कॉलऱ्यात जुलाब कसे दिसतात?"

हिने माझ्यासमोरची वाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.