हौसेला मोल नसतं

आमच्या घरात कुठल्याही वस्तूची किंमत काढायची झाली की ती वस्तू माझ्यासमोर येते, कारण मी बँकेत सोनेतारण विभागात आहे. तिथं दागिन्याची पारख सोनार करतो, वजन काटा करतो आणि मी फक्त फॉर्मवर सह्या घेते, हे सासरी सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पण आमच्या आण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, ठाम समज आहे की सूनबाईच्या नजरेतच काटा आहे. त्यामुळं यंदा बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण जवळ आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आता वय झालं. रायफल पोरांपैकी एकाच्या नावावर करून टाकू," आणि भाव काढायचं काम आपोआप माझ्या पदरात पडलं. एका भावानं रायफल घ्यायची, दुसऱ्याला निम्मे पैसे द्यायचे. हिशेब अगदी सरळ. निम्मे म्हणजे कशाच्या निम्मे, एवढंच बाकी होतं.

ही रायफल माझ्या आजेसासऱ्यांनी मुंबईच्या कुणा साहेबाकडून घेतलेली. साहेब विलायतेला निघाला होता, आजेसासरे कोयनेकडच्या रानात शिकारीला. १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला आणि शिकार थांबली. मग रायफल पिकाची राखण करायला लागली. म्हणजे दिवाणखान्यातल्या कपाटात उभी राहून करायला लागली. रानडुकरांना तिची खबर असावी असं उसाकडं बघून तरी वाटत नाही.

सातारा जिल्ह्यात लष्करी वस्तूबद्दल सल्ला मागणं म्हणजे मोहोळावर दगड मारणं. जवळच अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. जिल्ह्यात असं घर सापडणं कठीण ज्याच्या भावकीत एखादा तरी फौजी नाही. आमच्याच आळीत दोन सुभेदार आणि एक हवालदार निवृत्त होऊन बसलेत. तिघांनी रायफल आळीपाळीनं खांद्याला लावली आणि एकमतानं निकाल दिला : "थ्री नॉट थ्री." म्हणजे इंग्रजी फौजेच्या काडतुसाची. वर धाकटे सुभेदार म्हणाले, "वहिनी, ही बोअर, म्हणजे नळीचं हे माप, सिव्हिलियनला बंदी आहे. आण्णा आत जाणार." सासूबाईंनी देवात दिवा लावला. आण्णा मात्र शांत. "परवान्यावर काय लिवलंय ते वाचा की. तीस शून्य सहा!" हे माप वेगळं, अमेरिकन, आणि त्याला बंदी नाही. तेव्हा सुभेदारांनी चष्मा बदलला आणि चहा मागवला.

इकडं पुण्याच्या भावजींनी मोबाइलवर शोध लावला होता. दांड्यावर, म्हणजे नळीच्या मुळाशी, पुसट अक्षरांत 'मॉडेल ऑफ १९१७' आणि 'एडिस्टोन' असं होतं, त्यावरून. मूळ इंग्रजांच्या एनफिल्डमधला नमुना. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर तिथल्या विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडिस्टोन या तीन कारखान्यांनी तोच आपल्या काडतुसाला बसवून काढला. भावजींनी एका अमेरिकन लिलावातला आकडा घेतला, त्याला डॉलरच्या भावानं गुणलं, 'अँटिक' म्हणून दुप्पट केलं आणि दादाला फोन केला, "रायफल तू घे. मला निम्मे पाठव." आमचे हे त्या रात्री जेवले नाहीत.

शेवटी मी, आण्णा आणि सतरंजीत गुंडाळलेली रायफल असे कोल्हापूरला निघालो. परवाना आण्णांच्या नावावर, म्हणून रायफल त्यांच्याच मांडीवर. तासवडे टोलनाक्यावरच्या पोरानं विचारलं, "आजोबा, काय आहे?" आण्णा अभिमानानं म्हणाले, "रायफल." पोरगं हसलं. खरं बोललं की कुणाचा विश्वास बसत नाही, त्याचा असा फायदा होतो.

दुकानदार पिढीजात बंदूकवाला. बोलणं लोण्यासारखं. त्यानं सतरंजी उलगडली आणि काही वेळ नुसता बघत राहिला.

"काका, हे निकेल कुणी केलं?"

"आमच्या वडलांनी. खास माणूस बोलवून. आधी काळपट हुती, बघवत नव्हती."

"अच्छा." त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. "आणि इथं मागच्या नेमाला दोन कान असतात, लोखंडाचे. ते?"

"लोहाराकडनं घासून घेतलं. झुडपात अडकायचं. आता कशी गुळगुळीत झालीय!"

दुकानदारानं पुन्हा लिहिलं. मला पहिल्यांदा शंका आली की तो बेरीज करत नाहीये.

माझी शंका बरोबर होती. फौजी बंदुकीचा शौकीन म्हणे ती फॅक्टरीतून निघाली तशीच मागतो : तेच लाकूड, तोच रंग, तेच कान. तिन्ही कारखाने आपापल्या सुट्या भागांवर अक्षर ठोकायचे, डब्ल्यू, आर किंवा ई. ती सगळी एकाच घरची असली तर भाव आणखी चढतो. आमच्या रायफलीत ई होता, आर होता, आणि घोड्यावर चक्क 'श्री' होतं. खंडेनवमीच्या पूजेसाठी आजेसासऱ्यांनी भांड्यावर नावं घालणाऱ्याकडून ते कोरून घेतलेलं. त्याच हातानं दस्त्याच्या पितळी पट्टीवर 'मालक' म्हणून स्वतःचं नाव आणि खाली 'मु. पो.' सकट पत्ताही. वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवानं बोल्टच्या खाचेत जो गंज धरला होता, त्याला दुकानदार 'पिटिंग' म्हणाला. आण्णा म्हणाले, "तो परसाद आहे."

"दुर्मिळ तरी असेल ना?" मी भावजींच्या वतीनं विचारलं.

"ताई, अशा वीस लाखांहून जास्त निघाल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक एकट्या एडिस्टोनच्या." म्हणजे आमची होती ती सगळ्यात जास्त निघालेल्या कारखान्याची. इथं मला भावजींचा चेहरा डोळ्यासमोर आणून जो आनंद झाला तो सोनेतारणात कधी झाला नाही.

मग त्यानं पुढचं लाकूड बोटानं खरवडलं. कडेला पॉलिशखाली तांबड्या रंगाची एक रेघ होती. "काका, इथं लाल पट्टा होता?"

"हुता की. बैलाच्या शिंगाला लावतात तसला. इंग्रजानं का लावला देव जाणे. सुताराकडनं तेवढं लाकूडच कापून टाकलं."

दुकानदारानं पेन खाली ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, डंकर्कहून पळताना इंग्रजांची हत्यारं फ्रान्समध्येच राहिली, तेव्हा अमेरिकेनं या जुन्या रायफली पाठवल्या. त्या गेल्या तिथल्या होमगार्डाकडं, म्हणजे घरची राखण करणाऱ्या स्वयंसेवकांकडं. इंग्रजांचं काडतूस थ्री नॉट थ्री, हिचं वेगळं. घाईत चुकीचं भरू नये म्हणून लाकडावर लाल पट्टा. म्हणजे आमच्या रायफलीनं विलायतेचा किनारा राखलेला, आणि त्याचा एकमेव पुरावा सुताराच्या करवतीखाली गेलेला.

"तो तुकडा आहे का घरी?"

मी सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तो व्हय? गोठ्याच्या दाराला लावलेला की. गोठा पाडला तवा बंबात घातला. चांगला जळला."

कागदावर एवढी वजाबाकी झाल्यावर आपणच दुकानदाराला काही द्यावं लागतं की काय असं मला वाटायला लागलं. पण त्यानं नळीत बॅटरी मारली, दुसऱ्या बाजूनं डोळा लावला आणि खुलला. "नळीला कुणी हात लावलेला नाही. आटे अजून चांगले आहेत." मग भिंग घेऊन निकेलखाली दबलेला नंबर परवान्याशी ताडून बघितला. एक आकडा तीन की आठ कळेना. आण्णांनी डोळे मिटून सगळा नंबर धाडधाड म्हणून दाखवला. त्यांना स्वतःचा मोबाइल नंबर पाठ नाही.

नंबर जुळला. मग दुकानदारानं सांगितलं ते ऐकून मी वहीच मिटली. परदेशी बंदुकांची आयात सरकारनं १९८०च्या दशकात बंद केल्यावर इथला भाव इतिहासाला मिळत नाही, बोअरला आणि नळीला मिळतो. गिऱ्हाईक कान बघत नाही, 'इंपोर्टेड' बघतो. मात्र त्या गिऱ्हाइकाकडं परवाना हवा, विकणाऱ्यानं आधी कलेक्टर ऑफिसला नाहीतर पोलिसांना लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. डॉलरच्या गुणाकाराचा याच्याशी काही संबंध नाही. त्यानं एक आकडा लिहून दिला. तो मी इथं सांगणार नाही, कारण तो ऐकून घरात जे झालं त्यातून मी अजून सावरतेय.

आमचे हे म्हणाले, एवढ्याला मला नको, त्यालाच दे. तेव्हा कुठं भावजींच्या लक्षात आलं की रायफल आपण घेतली तर निम्मे आपल्याला द्यावे लागतील. दुसऱ्या मिनिटाला त्यांना कापलेले कान, निकेल, गंज, 'श्री' आणि बंबात गेलेला लाल पट्टा सगळं तोंडपाठ! आणि आमचे हे, ज्यांनी दोन दिवस ती रायफल भंगार ठरवली होती, ते डंकर्कची लढाई स्वतः लढल्यासारखं सांगायला लागले.

आण्णा जेवत होते. त्यांनी ताटातलं शेवटचं पिठलं भाकरीनं पुसून घेतलं आणि मला म्हणाले, "सूनबाई, परवाना आता पाच वर्षांचा मिळतो म्हणं. माझ्याच नावाचा फारम भर. आन त्या दुकानदाराला इचार, निकेल परत करून देतो का. लई उडालंय."