उरीया हा दावीदाचा सेनापती नव्हता

बायबलमधल्या इस्राएलच्या राजाविषयी ‘दावीद राजाने बथशेबेसाठी आपल्या एकनिष्ठ सेनापतीला, उरीयाला, मारले’ असे एक वाक्य फिरते आहे. त्यात राजाचे पाप खरे आहे, पण सेनापती चुकला आहे.

बथशेबेचा नवरा उरीया हित्ती हा दावीदाच्या ३७ नामांकित वीरांपैकी एक. सेनापती होता यवाब, दावीदाच्या बहिणीचा, सरुवेचा मुलगा. अम्मोन्यांच्या राब्बा शहराच्या वेढ्यात उरीयाला मारण्याचे पत्र राजाने यवाबालाच लिहिले आणि ते उरीयाच्याच हाती पाठवले (२ शमुवेल ११). यवाबाने एक प्रश्नही न विचारता हुकूम पाळला. मला हे फार अस्वस्थ करते, कारण त्या दिवशी निष्ठा आणि विश्वासघात एकाच पत्रात होते.

याच यवाबाने इतर वेळी राजाचे ऐकले नाही. भावाच्या खुनाचा सूड म्हणून त्याने हेब्रोनच्या वेशीत आधीच्या शौल राजाचा सेनापती अबनेर याला मारले. दावीदाचा मुलगा अबशालोम बंड करून उठला, तेव्हा ‘अबशालोमाला सांभाळा’ असे दावीदाने सर्वांदेखत बजावले होते, तरी झाडाला लटकलेल्या त्या मुलाच्या छातीत त्याने तीन भाले खुपसले. पुढे त्याच्या जागी नेमलेल्या अमासालाही त्याने दगा दिला. दाढी धरून चुंबन घेण्याचे निमित्त केले आणि तलवार चालवली.

शेवटी तो गादीवर हक्क सांगणाऱ्या दावीदाच्या मुलाच्या, अदोनीयाच्या, बाजूला गेला. पण राजा झाला दावीदाचा दुसरा मुलगा शलमोन, आणि त्याच्या हुकुमावरून बनाया या योद्ध्याने त्याला वेदीपाशीच ठार केले. मरण्यापूर्वी दावीदाने शलमोनाला यवाबाचे दोन अपराध सांगितले होते, अबनेरचा खून आणि अमासाचा खून. उरीयाचे नाव त्यात नाही. ते रक्त राजाचे स्वतःचे होते.